पायरीची कड दिसते का? उजळपणातला फरक मोजायची रीत

गेल्या लग्नसराईतली गोष्ट. मंगल कार्यालयात अक्षता पडल्या आणि आम्ही खालच्या जेवणाच्या हॉलकडे निघालो. माझ्या आत्त्याला काचबिंदू आहे. जिन्यात शेवटून दुसऱ्या पायरीवर ती थांबली, रेलिंग घट्ट धरलं आणि उजव्या पायाचा अंगठा पुढे काढून हवेत चाचपायला लागली. मागं पंगतीला निघालेल्यांची रांग तुंबली.

"उतर की गं," मागून कुणीतरी म्हणालं.

"उतरते रे, पण जिना संपला कुठं ते कळू दे की मला."

मी खाली बघितलं. करड्या ग्रॅनाइटच्या पायऱ्या, खाली त्याच ग्रॅनाइटची फरशी आणि प्रत्येक पायरीच्या कडेला ठसठशीत लाल पट्टी. मालकांनी ती मुद्दाम खर्च करून मारून घेतली होती, म्हाताऱ्या माणसांना दिसावी म्हणून. मला ती लांबूनही दिसत होती. आत्त्याला मात्र करड्यावर करडंच दिसत होतं.

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागात मी बांधकामांवर देखरेखीचं काम करतो. रंग वेगळा दिला की काम झालं, असंच मलाही वाटायचं. पण मोतीबिंदू, काचबिंदू किंवा रंगांधळेपणा असलेल्या माणसाला रंगारंगातला भेद नीट कळेलच असं नाही. त्याला आधार असतो तो उजळ आणि गडद या फरकाचा. हा फरक नजरेनं ठरवू गेलं की फसगत होते, कारण चांगल्या डोळ्याला रंगच आधी दिसतो. म्हणून तो मोजायचा. त्याची रीत खाली दिली आहे. महागडं यंत्र नसलं तरी चालतं.

नेमकं काय मोजायचं

पृष्ठभागावर पडलेल्या उजेडातला किती टक्के उजेड तो परत फेकतो, या आकड्याला एलआरव्ही (लाइट रिफ्लेक्टन्स व्हॅल्यू) म्हणतात. शून्य म्हणजे पूर्ण काळं, शंभर म्हणजे पूर्ण पांढरं. प्रत्यक्षात काळा ग्रॅनाइट पाचच्या आसपास असतो आणि चांगला पांढरा रंग ८५ च्या आसपास. बऱ्याच रंग कंपन्या शेडकार्डावर किंवा वेबसाइटवर प्रत्येक शेडचा एलआरव्ही छापतात. पेंटरला विचारलं तर तो खांदे उडवेल, पण कार्डावर बारीक अक्षरांत बघा.

एलआरव्ही हा पृष्ठभागाचा गुण आहे. दिवा लावला-विझवला म्हणून तो बदलत नाही. डोळ्याला दिसतो तो उजळपणा मात्र दोन गोष्टींचा गुणाकार असतो: एलआरव्ही आणि तिथं पडणारा उजेड. उजेड लक्समध्ये मोजतात. म्हणून आधी एलआरव्ही काढायचा आणि मग त्या जागेचा उजेड बघायचा. दोन्हींची खिचडी केली की आकडे रोज वेगळे येतात आणि माणूस कंटाळून सोडून देतो.

पिशवीत काय हवं

एक लक्स मीटर. तो नसेल तर फोनमधलं लक्स मोजणारं अ‍ॅप. त्याचा आकडा खरा नसला तरी आपल्याला दोन रीडिंगांचं गुणोत्तरच हवं असल्यानं भागतं. झेरॉक्सचे पांढरे कागद आणि चिकटपट्टी. फोटोग्राफरकडचं १८ टक्क्यांचं करडं कार्ड. प्रो मोड, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग हातानं ठरवायची सोय, असलेला फोन. मोजपट्टी, पाण्याची बाटली, फडकं आणि वही. पाणी कशाला ते पुढे कळेल.

पहिली रीत: मोठ्या पृष्ठभागांसाठी लक्स मीटर

भिंत, फरशी, दाराची फळी यांच्यासाठी ही रीत पुरते. ए-फोर आकाराचे सहा कागद तीन-तीनच्या दोन ओळींत जोडा. साधारण ६३ बाय ५९ सेंटीमीटरचा चौकोन होतो. कागद दुहेरी घ्या, नाहीतर खालचा रंग आरपार येतो.

हा चौकोन मोजायच्या फरशीवर ठेवा. मीटरचा सेन्सर फरशीकडे तोंड करून बरोबर १५ सेंटीमीटरवर धरा आणि रीडिंग लिहा. कागद उचला, हात न हलवता त्याच जागी, त्याच उंचीवर फरशीचं रीडिंग घ्या. मग:

एलआरव्ही = ८५ × (फरशीचं रीडिंग ÷ कागदाचं रीडिंग)

साधा पांढरा कागद ८५ धरून चालतो. कागदावर ४२ लक्स आणि फरशीवर १३ आले, तर ८५ × १३ ÷ ४२, म्हणजे सुमारे २६. दोन-चार पॉइंट इकडेतिकडे होतात, पण निर्णयाला एवढं पुरतं.

चुका होतात त्या दोनच. मोजणाऱ्याची सावली पडते, म्हणून उजेड येतो त्या बाजूला उभं राहू नका आणि हात लांब ठेवा. दुसरी चूक म्हणजे थेट उन्हात मोजणं. बाजारातल्या पांढऱ्या कागदात चमक आणणारं रसायन असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी तो आहे त्याहून जास्त पांढरा होतो. सावलीत किंवा घरातच मोजा. तीन ठिकाणी मोजून सरासरी घ्या, ठिपक्यांच्या ग्रॅनाइटला तर पाच ठिकाणी.

दुसरी रीत: लहान वस्तूंसाठी फोनचा कॅमेरा

पायरीची पट्टी, दाराची मूठ, बटणांची पाटी, नामफलकावरची अक्षरं लक्स मीटरच्या आवाक्यातली नाहीत. इथं फोन कामाला येतो, पण सरळ फोटो काढून आकडे वाचले तर हमखास चुकतं. नीट बघू.

प्रो मोडमध्ये जाऊन आयएसओ, शटर आणि व्हाइट बॅलन्स पक्के करा. एचडीआर बंद करा. पांढरा कागद आणि करडं कार्ड, दोन्ही मोजायच्या वस्तूच्या अगदी शेजारी आणि त्याच पातळीत ठेवा. तिन्ही एकाच चौकटीत, मधोमध येऊ द्या, कारण कडेला भिंग उजेड कमी घेतं. कागद पांढराफटक होऊन २५५ ला टेकू नये. २३० च्या आसपास आला तर उत्तम.

मग रंगाचे आकडे दाखवणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये फोटो उघडा आणि लाल, हिरवा, निळा हे तीन आकडे वाचा. मंगल कार्यालयातल्या जिन्याचे माझ्या वहीतले आकडे असे: कागद तिन्हींत २३०. करडा ग्रॅनाइट तिन्हींत १११. लाल पट्टी: लाल १९०, हिरवा ४५, निळा ४०.

ग्रॅनाइट १११ भागिले २३० म्हणजे ४८ टक्के, म्हणून एलआरव्ही ४१, असं म्हणालात तर चुकलात. फोनचा फोटो उजेड सरळ प्रमाणात साठवत नाही, तो वाकवून साठवतो. तो वाक सरळ करायला गुणोत्तराचा २.२ वा घात घ्यावा लागतो. फोनच्या कॅलक्युलेटरमध्ये ती कळ असते. ०.४८२६ चा २.२ वा घात ०.२०, गुणिले ८५, म्हणजे १७. कुठं ४१ आणि कुठं १७!

रंगीत पट्टीला एक पायरी जास्त. तिन्ही आकडे आधी असेच सरळ करून घ्या आणि मग लालला ०.२१२६, हिरव्याला ०.७१५२ आणि निळ्याला ०.०७२२ नं गुणून बेरीज करा. डोळ्याला हिरवा उजेड सगळ्यात जास्त जाणवतो आणि निळा सगळ्यात कमी, म्हणून ही वजनं. लाल पट्टीचं गणित ०.१४० + ०.०२० + ०.००२, म्हणजे ०.१६, गुणिले ८५ केलं की सुमारे १४.

ग्रॅनाइट १७, पट्टी १४. तीन पॉइंटांचा फरक. आत्त्या अंगठ्यानं चाचपत होती ती एवढ्यासाठी.

आता करडं कार्ड कशाला? तपासणीला. कागद २३० असेल तर १८ टक्क्यांचं कार्ड ११४ च्या आसपास यायला हवं. १०० किंवा १२८ आलं तर तुमचा फोन फोटो नटवतोय. मग रॉ फाइल, म्हणजे फोननं न नटवलेला कच्चा फोटो, काढा, नाहीतर दुसऱ्याचा फोन मागा. वर्षाला नवा फोन घेणारे भाचे अशा वेळी उपयोगी पडतात.

तिसरी रीत: रंग जुळवायचं यंत्र

रंगाच्या मोठ्या दुकानात शेड जुळवायला हातात मावणारं स्पेक्ट्रोफोटोमीटर असतं. ओळख असेल तर फरशीचा तुकडा किंवा पट्टीचा नमुना घेऊन जा. प्रयोगशाळेत एलआरव्ही काढायची पद्धत ब्रिटनच्या बीएस ८४९३ या मानकात दिली आहे. तिथंही असलंच, पण जास्त काटेकोर यंत्र लागतं. दुकानातलं यंत्र बहुधा एलआरव्ही न देता 'एल' नावाचा आकडा देतं. तो जसाच्या तसा वापरू नका. त्यात १६ मिळवा, ११६ नं भागा, उत्तराचा घन करा आणि १०० नं गुणा. एल ५० आला तर एलआरव्ही सुमारे १८, एल ७० ला सुमारे ४१. एल ५० म्हणजे निम्मा उजेड, असं समजून एका वास्तुविशारदानं केलेला तक्ता मी पाहिला आहे. त्यातली सगळी गडद शेड उजळ ठरली होती.

फरक पुरेसा आहे का

इथं देशोदेशी वेगवेगळी सूत्रं आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी पटत नाहीत. ब्रिटनमध्ये सरळ वजाबाकी करतात: शेजारच्या दोन पृष्ठभागांत ३० पॉइंट हवेत. अमेरिकेच्या १९९१ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या परिशिष्टात फरकाला उजळ आकड्यानं भागून ७० टक्के सुचवले होते. ऑस्ट्रेलियात फरकाला १२५ नं गुणतात, दोन्ही आकड्यांच्या बेरजेत २५ मिळवून त्यानं भागतात आणि किमान ३० टक्के मागतात.

तीन जोड्या घेऊन बघा. ६ आणि २०, म्हणजे काळ्या ग्रॅनाइटवर गडद करडं: वजाबाकी १४, नापास. अमेरिकेच्या सूत्रानं ७० टक्के, काठावर पास. ऑस्ट्रेलियाच्या सूत्रानं ३४, पास. ५५ आणि ८५, म्हणजे मळकट पिवळ्यावर पांढरं: वजाबाकी ३०, पास. अमेरिकेचं ३५ टक्के, नापास. ऑस्ट्रेलियाचं २३, नापास. १० आणि ४०: तिन्हीकडे पास.

याचं कारण असं की डोळा फरक बघत नाही, प्रमाण बघतो. म्हणून उजळ जोडीला नुसती वजाबाकी फार दयाळू ठरते. पण निव्वळ प्रमाण घेतलं तर गडद जोडी कागदावर पास होते आणि प्रत्यक्षात अंधाऱ्या जिन्यात दोन्ही काळीच दिसतात. ऑस्ट्रेलियाच्या सूत्रातले ते २५ याच गडद जोड्यांना आवर घालतात. माझा नियम साधा आहे: वजाबाकी ३० आणि ऑस्ट्रेलियाचं ३० टक्के, दोन्हींत पास झालेलीच जोडी घ्यायची. पायरीच्या कडेला तर वजाबाकी ४० धरतो, कारण पट्टी मळणार आणि झिजणार हे ठरलेलंच.

आपल्याकडे २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आहे आणि केंद्रीय गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाची २०२१ ची सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्याखालच्या नियमांतला सुगम्यतेच्या मानकांबाबतचा नियम १५(१) कायद्याशी विसंगत ठरवला. नुसत्या शिफारशी पुरेशा नाहीत, किमान मानकं बंधनकारक हवीत, असं बजावून केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. "हे सगळं ऐच्छिक असतंय हो" असं सांगणाऱ्या कंत्राटदाराला एवढं ऐकवायला हरकत नाही.

पाऊस

बेळगाव-खानापूरकडे जून ते सप्टेंबर बाहेरच्या पायऱ्या कोरड्या राहतच नाहीत, आणि दिवसभर आभाळ भरलेलं. उन्हाळ्यात मोजलेले आकडे अशा वेळी निम्म्यावर येतात. दगडाच्या किंवा सिमेंटच्या छिद्रांत पाणी शिरलं की उजेड आत जास्त खोल जातो, तिथंच मुरतो आणि पृष्ठभाग गडद होतो. जांभ्याच्या गडग्यावर पहिली सर पडल्यावर रंग कसा बदलतो ते आपण दरवर्षी बघतोच.

म्हणून पाण्याची बाटली. प्रत्येक बाहेरचा पृष्ठभाग कोरडा मोजा, पाणी ओता, पाच मिनिटं थांबा, वर साचलेलं पाणी फडक्यानं टिपा आणि परत मोजा. एका वाचनालयाच्या सिमेंटच्या पायऱ्या कोरड्या ३६ होत्या आणि ओल्या २०. त्यावर काळी पट्टी होती, एलआरव्ही ५. कोरडी असताना ३१ चा फरक, माझ्या ४० ला कमी, पण ब्रिटनच्या ३० च्या हिशेबानं पास. ओली झाली की १५. म्हणजे पाय घसरायची भीती ज्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त, नेमकी तेव्हाच पट्टी गायब.

उलट उजळ पट्टी घेतली तर पाऊस आपल्या बाजूनं होतो. रंगाची पट्टी पाणी फारसं पीत नाही, पायरी मात्र गडद होते. ७५ ची पट्टी कोरड्या सिमेंटवर ३९ चा फरक देते, ओल्यावर ५५ चा. शहाबादी फरशीचंही तसंच. म्हणून या भागात बाहेरच्या पायरीला उजळ पट्टीच, असं माझं ठाम मत झालंय. तिचा शत्रू एकच, लाल माती. पायरीआधी दोन पावलं खरबरीत जाळी किंवा पायपुसणं नसेल तर आठवड्यात पांढरी पट्टी विटकरी होते.

इमारतीत फिरताना कुठं थांबायचं

जिना झाला. त्यानंतर माझी नजर स्कर्टिंगवर, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीवर जाते. आपल्याकडे फरशीचाच तुकडा कापून स्कर्टिंगला लावायची पद्धत आहे. त्यानं फरशी भिंतीवर चार इंच चढल्यासारखी दिसते आणि अंधुक दिसणाऱ्याला जमीन कुठं संपते ते कळत नाही. स्कर्टिंग भिंतीच्या उजळपणाचं घ्या, फरक फरशीशी ठेवा.

हॉलच्या मधोमध काळ्या ग्रॅनाइटची बॉर्डर टाकायची आपल्या मालकांना भारी हौस. क्रीम फरशीत काळा पट्टा म्हणजे साठ पॉइंटांचा फरक, आणि तोही जिथं काहीच नाही अशा जागी. कमी दिसणाऱ्याला तो खड्डा वाटतो किंवा पायरी. मी लोकांना त्यावरून उडी मारल्यासारखं पाऊल टाकताना पाहिलंय. सपाट जागी फरक नको, हेही मोजूनच बघायचं.

पिवळ्या ठिपक्यांच्या फरशा, अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या. पिवळा म्हणजे उठून दिसणार, असं सगळे धरून चालतात. शहाबादीवर तो उठतो. पण क्रीम व्हिट्रिफाइड ६५ ते ७० असते आणि पिवळी फरशी ५० च्या आसपास. फरक जेमतेम १५-२०. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना गडद पट्टा द्या किंवा ठिपक्यांची फरशीच गडद करडी घ्या.

स्वच्छतागृहात पांढऱ्या टाइल्सवर पांढरं कमोड आणि चकचकीत स्टीलची दांडी. स्टील मोजायच्या नादाला लागू नका. समोर जे असेल ते त्यात दिसतं, आकडा दर हाताला बदलतो. गडद पावडर-कोटिंगची दांडी घ्या, विषय मिटला. पांढऱ्या भिंतीवरच्या पांढऱ्या बटणांभोवती गडद चौकट रंगवली तरी पुरतं. दाराला चौकट भिंतीहून वेगळी हवी आणि मूठ फळीहून.

शेवटी उजेड. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून, म्हणजे उभ्याला सुमारे १५० आणि चाकाच्या खुर्चीतल्याला १२० सेंटीमीटरवरून, जिन्याच्या तोंडाशी एक फोटो घ्या: दुपारी एक आणि दिवे लागल्यावर एक. पॉलिश ग्रॅनाइटवर खिडकीचा झोत पडला असेल तर तिथला एलआरव्ही काहीही असो, डोळ्याला पांढरा पट्टाच दिसणार. तिथं रंग बदलून भागत नाही. फ्लेम फिनिश, म्हणजे आगीच्या झोतानं दगड खरबरीत, करून घ्या किंवा खिडकीला पडदा लावा.

कामगाराला काय सांगायचं

"उठून दिसंल असं काहीतरी मार" असं सांगितलं की लालच मारला जातो. आकडा सांगा. मंगल कार्यालयाच्या मालकांना मी लिहून दिलं ते असं: पट्टी पायरीच्या अगदी कडेपासून आत ५० मिमी, खाली उभ्या बाजूवर किमान ३० मिमी, म्हणजे चढणाऱ्यालाही दिसेल, एलआरव्ही ६५ च्या वर, ऑइलपेंट नको, ओला झाल्यावर घसरतो, खाच मारून खरबरीत उजळ भरणी, आधी त्याच ग्रॅनाइटच्या तुकड्यावर नमुना, कोरडा-ओला मोजून मंजूर झाल्यावरच बाकीचं.

नमुना ७१ आला. ७१ आणि १७: वजाबाकी ५४, ऑस्ट्रेलियाच्या सूत्रानं सुमारे ६०. पाहुण्यांच्या फोटोत जिना झेब्र्यासारखा दिसेल, असं मालक म्हणाले. मीही कबूल केलं, दिसेल.

वहीत प्रत्येक आकड्याशेजारी तारीख, वेळ, कोरडं की ओलं आणि उजेड किती, एवढं लिहून ठेवा. दसऱ्याच्या आधी, पाऊस ओसरल्यावर, परत एक फेरी मारा. त्या जिन्यावर मे महिन्यात ७१ भरलेली पट्टी ऑक्टोबरात ५२ भरली. साबणाच्या पाण्यानं घासल्यावर ६६.